डिटेक्टर घेण्याआधी एका गलाईवाल्याचं ऐका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचा मी एकोणचाळीस वर्षांचा वाचक आहे. केरळात होतो तेव्हा अंक टपालाने तीन दिवसांनी हातात पडायचा, आता फोनवर सकाळीच येतो. गेल्या महिन्यात आतल्या पानावर अगदी तळाशी एक लहानशी बातमी होती. पडक्या देवळाच्या जोत्याशी रात्री मेटल डिटेक्टर लावून खणताना चार तरुण पोरं पकडली गेली. ती वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच आठवड्यात माझ्या सख्ख्या पुतण्याचा फोन आला होता. त्यानेही असंच एक यंत्र घेतलंय, १ लाख ८० हजाराला. द्राक्षबागेच्या औषधांसाठी काढलेल्या कर्जातले पैसे. विकणाऱ्याने सांगितलं, तीनशे मीटरवरचं सोनं दाखवतं, जमिनीखाली पंधरा मीटर असलं तरी. दोन सळया, मधे एक डबा, डब्यावर लाल दिवा. पुतण्या तीन महिने रानोमाळ फिरला आणि आता विकणारा फोन उचलत नाही.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असं वाटतं, म्हणून लिहितो. मी मूळचा विट्याजवळचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागात पाऊस नाही, म्हणून घराघरातली माणसं गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायच्या, धंद्याला बाहेर पडली हे आपल्या वाचकांना माहीत आहे. मीही सतराव्या वर्षी त्रिशूरला गेलो आणि चौतीस वर्षं तिथे मोडीचं सोनं आटवलं. सोनं मी मुशीत पाहिलंय, तेजाबात पाहिलंय. चांदीत मिसळून तेजाबात उकळल्यावर चांदी विरघळून जाते आणि तळाला उरतं ते सोनं पिवळं नसतंच, चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी असते. ती धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवली की मग पिवळा थेंब गरगर फिरताना दिसतो. हे मी हजारो वेळा केलं. पण जमिनीतलं सोनं, जिथून ते येतं तिथलं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं ऑस्ट्रेलियात. माझी मुलगी बेंडिगो नावाच्या गावात नर्स आहे. मेलबर्नच्या वायव्येला दीडशे किलोमीटरवर हे गाव. सगळं गावच सोन्यावर उभं राहिलेलं. १८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं आली. भर गावात सेंट्रल डेबोरा नावाची खाण आहे, १९५४ ला बंद पडली, आता लोक ती बघायला जातात. गेल्या वर्षी सहा महिने आणि यंदा पुन्हा चार महिने मी इथे आहे. नातीला शाळेत सोडल्यावर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता.

तो सुटला शेजाऱ्यांमुळे. शेजारी एकोणऐंशी वर्षांचे एक गृहस्थ एकटे राहतात, रेल्वेत नोकरी झालेली. मी त्यांना दादा म्हणतो आणि ते त्या हाकेला ओ देतात. गलाईचं काम काय असतं ते मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं, तसे ते आत जाऊन एक घडी घातलेला कागद घेऊन आले. 'मायनर्स राइट'. व्हिक्टोरिया राज्यात सोनं शोधायचं तर आधी हा परवाना काढावा लागतो. तीस डॉलरच्या आत मिळतो, दहा वर्षं चालतो, आणि तो खिशात असेल तर परवानगी असलेल्या सरकारी जमिनीवर सापडलेलं सोनं तुमचं. खाजगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी बंदी. हातातली अवजारं चालतात, यंत्राने खणायचं नाही. झाडाचं मूळ तोडायचं नाही. आणि खड्डा केला तर बुजवूनच उठायचं.

दादांनी त्या कागदाची गोष्ट सांगितली ती मला फार लागली. सुरुवातीला इथे सोनं शोधायला महिन्याला तीस शिलिंगांचा परवाना होता, सोनं सापडो न सापडो. पोलीस घोड्यांवर येऊन परवाने तपासायचे, नसला तर धरून न्यायचे. शेवटी याच राज्यातल्या बॅलरॅट गावी खाणकामगारांनी लाकडांचा कोट उभा केला, आणि ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने तो मोडला. वीसच्या वर माणसं मेली. पुढच्याच वर्षी जुना परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राइट आला. दादा म्हणाले, माणसं मेली तेव्हा हा कागद मिळाला, म्हणून मी तो घरी ठेवून कधी जात नाही. मीही दुसऱ्या दिवशी मुलीकडून माझा काढून घेतला.

आता यंत्राबद्दल. पुतण्याच्या यंत्रावर दिवा लागतो आणि सळ्या सोन्याकडे वळतात म्हणे. खरं यंत्र असं काही करत नाही. दादांकडे दोन आहेत, जुनं त्यांनी मला वापरायला दिलं. दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यातल्या तारेतून विजेचे झटके सेकंदाला शेकडो वेळा सोडले जातात. प्रत्येक झटक्याबरोबर जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पटकन मिटतं. ते मिटताना खाली धातू असेल तर त्या धातूत क्षणभर विजेचा भोवरा फिरतो, आणि तो मरता मरता कॉइलला जाणवतो. एवढंच. सोनं स्वतःहून काही सोडत नाही, ना किरण ना लहरी. खोल गेलात तर तो जाणवणारा प्रतिसाद निम्म्याने कमी होत नाही, कितीतरी पटींनी मरतो. म्हणून हजारो डॉलरच्या यंत्रालासुद्धा गव्हाच्या दाण्याएवढं सोनं वीतभर खोलीपर्यंतच कळतं. तीनशे मीटर ही गोष्ट या जगात नाही.

आणि ते कळतं तेही 'धातू' म्हणून. लोखंड, शिसं, तांबं, सोनं, सगळ्यांना ते आवाज देतं. काही यंत्रांना लोखंड थोडं वेगळं काढता येतं, पण बारीक सोनं त्यात लोखंड समजून सोडलं जातं. म्हणून दादांचा नियम एकच, आवाज आला की खणायचं.

पहिले तीन दिवस त्यांनी मला खणूच दिलं नाही. फक्त ऐकायचं. हेडफोन लावले की एक बारीक गुणगुण सतत चालू असते, रिकाम्या घरात दूरच्या माजघरात फ्रिज चालू असावा तशी. ती गुणगुण हाच पाया. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, झाडू मारावा तशी डावीकडून उजवीकडे न्यायची, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा. माझा हात टोकाला नेताना वर उचलला जायचा. आपण घरी झाडतानाही कोपऱ्यात झाडू उचलतो ना, तसंच. दादा मागून येऊन काठीने कॉइल खाली दाबायचे. दोन बोटं वर उचललीस तर दोन बोटं जमीन गमावलीस, असं त्यांचं म्हणणं. पायात पोलादी टाचेचे बूट नकोत, खिशात फोन नको, बोटात अंगठी नको. चौथ्या दिवशी माझ्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कलच दोन तास आवाज देत होतं, मग लक्षात आलं.

मग जमिनीशी जुळवणं. इथली माती लाल, लोहखनिजाने भरलेली. ती स्वतःच यंत्राला आवाज देते. म्हणून एका जागी उभं राहून कॉइल वर-खाली करत राहायची, गुणगुण एकसारखी होईपर्यंत. वीस पावलं पुढे गेलं, माती बदलली, की पुन्हा. कधी कधी एखादा लोहाचा दगडच सोन्यासारखा आवाज करतो, त्याला इथले लोक 'हॉट रॉक' म्हणतात. असे किती उचलले! दगड हातात घेऊन कॉइलवरून फिरवायचा, आवाज आला की तो बाजूच्या ढिगात.

मी वही ठेवली होती, धंद्याची सवय. पहिल्या एकोणीस दिवसांत एकशे बेचाळीस खड्डे. त्यातून निघालं ते असं: शिशाचे छर्रे, बंदुकीच्या गोळ्यांची वाकलेली टोकं, डबे उघडताना निघणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कड्या, पत्र्याचे गंजके तुकडे, आणि बुटांच्या तळव्याचे बारीक खिळे. हे खिळे दीडशे वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांचे. एकदा एकाच जागी तळव्याच्या आकारात अकरा खिळे निघाले, चामडं कुजून गेलेलं. कुणा माणसाचा बूट इथे सुटला असेल. मी ते खिळे तसेच पुन्हा मातीत ठेवले. कुदळीला मागे चुंबक लावलेलं असतं, त्यावर लोखंड चटकन चिकटतं आणि वेळ वाचतो. शिसं मात्र चिकटत नाही, आणि शिशाचा आवाज सोन्यासारखाच येतो. छर्रा निघाला की प्रत्येक वेळी काळजात धस्स होतं, कारण शेवटच्या क्षणापर्यंत वाटत असतं की हेच ते.

विसाव्या दिवशी डनॉली गावाच्या बाजूला एका उथळ ओघळीत होतो. दोन्ही अंगाला जुन्या लोकांनी उपसलेल्या मातीचे ढीग, आता त्यांच्यावर झाडं उगवलेली. दादांनी जागा दाखवताना सांगितलं होतं, गारगोटी कुठे फुटून पडलीय बघ, पाटीचा दगड कुठे उभा डोकावतोय बघ, आणि पाणी कुठून कुठे वाहिलं असेल ते बघ. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड. डोंगरातली गारगोटीची शीर झिजते, सोनं सुटतं, पाऊस ते खाली ढकलतो, आणि ते रेतीतून खाली खाली बुडत तळाच्या चिकण मातीवर किंवा खडकाच्या फटीत जाऊन बसतं. तिथून पुढे ते कुठे जात नाही.

हे ऐकताना मला आमच्या झारेकऱ्यांची आठवण आली. गलाईच्या दुकानातली राख, झाडलोट, तुटक्या मुशी, अगदी गटारातला गाळ ते विकत घ्यायचे. त्रिशूरला आमच्या दुकानात एक बाई यायच्या. परातीत गाळ घेऊन पाण्यात अशा लयीत हलवायच्या की माती कडेने निघून जायची आणि तळाला काळ्या रेतीची चंद्रकोर राहायची, तिच्या टोकाला सोन्याचे कण. इथे ओढ्याकाठी गोरी माणसं पॅन हलवतात ती हुबेहूब तीच लय. पाणी, माती आणि जडपणा यांचं हे ज्ञान आपल्या माणसांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण त्याला कधी मान दिला नाही, ही खंत मला आहे.

तर त्या ओघळीत गुणगुण जराशी तुटली. मोठा आवाज नव्हता, गाणाऱ्याने श्वास घ्यावा एवढाच. आधी किंचित चढला, मग उतरला. मी पुन्हा उलट बाजूने कॉइल आणली, तिथेच. पायाने पालापाचोळा सारला, आवाज तोच. दोन बोटं माती खरवडली, आवाज टणक झाला. हे चांगलं लक्षण, कारण पत्र्याचा कपटा असता तर मातीबरोबर हलला असता. चार बोटं खाली पिवळसर चिकण माती लागली. मूठभर माती प्लॅस्टिकच्या सुपड्यात घेतली, कॉइलवरून फिरवली, आवाज सुपड्यात. अर्धी माती हातात, अर्धी सुपड्यात. पुन्हा अर्धी. शेवटी चिमूटभर उरली ती तळहातावर घेऊन एकेक कण कॉइलवर टाकला. एक कण टप्प करून पडला. मातीचा कण असा पडत नाही. जिभेने ओला करून बोटाने पुसला.

सोनं. कडा घासलेल्या, एका बाजूला गारगोटीचा दुधी ठिपका अडकलेला. मी चौतीस वर्षं सोनं हाताळलं, पण कुणाच्या तरी बांगडीचं, कुणाच्या मोडलेल्या मंगळसूत्राचं. त्या प्रत्येक सोन्यामागे एक घर असायचं आणि बहुतेक वेळा एक अडचण असायची. हे सोनं माझ्याआधी कुणाचंच नव्हतं. मी मातीत बसून रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. दादा लांब उभे राहिले, मी उठेपर्यंत जवळ आले नाहीत. मग त्यांनी खड्ड्याकडे बोट केलं. तो बुजवला, पाला पुन्हा वर पसरला, आणि मग आम्ही हात मिळवला.

घरी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर तोललं: शून्य दशांश सहा ग्रॅम. पाच गुंजा. त्यानंतर यंदाच्या मुक्कामात आणखी सात सापडले, सगळे मिळून अडीच ग्रॅमही नाहीत. पेट्रोलचा हिशोब मांडला तर व्यवहार आतबट्ट्याचा. दादा चाळीस वर्षं हे करतात. त्यांना सापडलेला सगळ्यात मोठा गोळा एकतीस ग्रॅमचा, आणि मधली दोन वर्षं अशी गेली की काहीच नाही.

आता मोठ्या गोष्टी. त्या खऱ्या आहेत आणि त्यांच्यामुळेच आपली पोरं नादाला लागतात, म्हणून त्या पुऱ्या सांगितल्या पाहिजेत. डनॉलीजवळच्या मोलिआगुलला ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना जगातला सगळ्यात मोठा म्हणून नोंदलेला सोन्याचा गोळा सापडला, 'वेलकम स्ट्रेंजर'. शुद्ध सोनं सत्तर किलोंच्या आसपास. जमिनीखाली किती? इंचभर, झाडाच्या मुळाशी. घरी नेऊन त्यांनी तो चुलीत तापवला आणि गारगोटी फोडून काढली. मी गलाईवाला, मला ती चूल डोळ्यांसमोर दिसते. बँकेच्या तराजूत तो मावेना, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर तोडावा लागला. ती ऐरण मी डनॉलीच्या संग्रहालयात पाहिली, हात लावायची परवानगी नाही, नाहीतर लावला असता. पण या दोघांकडे डिटेक्टर नव्हता. ते दोघे कॉर्नवॉलचे, त्या भागात वर्षानुवर्षं माती उपसत होते, रोज.

दुसरी गोष्ट डिटेक्टरची. २६ सप्टेंबर १९८० रोजी केविन हिलियर यांना याच भागातल्या किंगोवरला डिटेक्टरने 'हँड ऑफ फेथ' सापडला, २७ किलोंचा, हातभरही खोल नव्हता. तो पुढे अमेरिकेतल्या एका कॅसिनोने दहा लाख डॉलरच्या वर किमतीला घेतला. व्हिडिओवाले हीच गोष्ट सांगतात आणि खाली यंत्राचा फोन नंबर देतात. ते सांगत नाहीत ते हे, की हा सारा पट्टा सोन्याच्या गारगोटीच्या शिरांनी भरलेला आहे, की हे १८५१ पासून जगाला ठाऊक आहे, की इथली सगळी जुनी कामं नकाशांवर मांडलेली आहेत, आणि तरीही बहुतेक माणसं संध्याकाळी छर्रे आणि खिळे घेऊन घरी जातात.

आपल्याकडची जमीन कसली? आमचा घाटमाथा, सातारा, पुणे, नगर, मराठवाड्याचा मोठा भाग, सगळा काळा पाषाण. लाव्हारस थरांवर थर साचून झालेला. त्यात गारगोटीच्या सोन्याच्या शिरा नाहीत. सांगलीच्या माळावर सोन्याचा गोळा सापडणार नाही, तो तिथे तयारच झालेला नाही. उलट या पाषाणात चुंबकीय लोहखनिज इतकं असतं की खरं, चांगलं यंत्रसुद्धा त्यावर किंचाळत राहतं. 'सोनं आहे' असं दाखवणारं यंत्र आपल्या काळ्या कातळावर रोज बीप करेल, आणि ते बीप ऐकून माणूस रोज खणेल. विदर्भात भंडारा-नागपूरकडे जुने खडक आहेत, तिथे भूवैज्ञानिकांना सोन्याचे अंश मिळालेले आहेत, पण ते कातळात विखुरलेले. कर्नाटकात कोलारच्या खाणी तीन किलोमीटरच्या वर खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. हट्टीची खाण आजही चालू आहे, तिथेही टनभर दगड दळावा तेव्हा काही ग्रॅम सोनं हाती लागतं. हे डबा घेऊन फिरण्याचं काम नव्हे.

मग आपल्याकडे डिटेक्टर घेऊन लोक जातात कुठे? देवळांच्या जोत्यांशी, पडक्या वाड्यांत, गडांवर. नाव गुप्तधनाचं. पुतण्याने मला फोनवर शब्दशः विचारलं, "काका, बाणूरगडावर एकदा फिरवून बघू का?" मी लहानपणी वडिलांचं बोट धरून बाणूरगडावर गेलोय. तिथे बहिर्जी नाईकांची समाधी आहे. वडिलांनी चप्पल काढायला लावली होती, पाय भाजत होते तरी. त्या जागेवर रात्री कुदळ घेऊन जायचं हा विचार आमच्या घरातल्या मुलाच्या तोंडी आला, तो या डब्यामुळे. मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

त्याला मी दादांकडून शिकलेली एक गोष्ट सांगितली, ती आपल्या वाचकांनाही सांगतो. बेंडिगोच्या भोवतालची जमीन मुळात जा जा वुरुंग या आदिवासी लोकांची. त्यांची दगडी हत्यारं, त्यांच्या जुन्या चुली रानात कुठे कुठे आढळतात. एकदा कॉइलपुढे मला कडा पाडलेला एक दगड दिसला, चाकूसारखा. मी उचलायला वाकलो तर दादांनी खांद्यावर हात ठेवला. हलवायचा नाही. तो जिथे आहे तिथेच त्याला अर्थ आहे, घरी नेला की नुसता दगड. आम्ही तिथून वळलो आणि तो सगळा उतार त्या दिवशी सोडून दिला. गडावरच्या मातीत एखादं नाणं, एखादी गोळी, खापराचा तुकडा कुठल्या थरात आहे यावरून जाणकार लोक इतिहास वाचतात. रात्री कुदळ घातली की ते पान फाटलं, आणि ते पुन्हा कुणाला जोडता येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे, पण गावात कुणी सांगत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. न कळवता ठेवून घेणं हा गुन्हा. संरक्षित स्मारकाच्या जागी तर खणणंच गुन्हा. आणि गुप्तधनाच्या नावाखाली जे अघोरी प्रकार होतात त्यांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. यंत्रवाला आणि मांत्रिक बऱ्याचदा जोडीनेच येतात, पुतण्याकडेही तसेच आले होते. यंत्राने जागा दाखवायची आणि मांत्रिकाने 'रखवालदार' हटवायचा, त्याचे वेगळे २१ हजार. ते त्याने दिले नाहीत, एवढं देवाने बघितलं.

पुतण्याच्या यंत्राचं पुढे काय झालं ते सांगतो. आमच्या गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना मी फोन करून विनंती केली, त्यांनी चार स्क्रू काढून डबा उघडला. पुतण्याने व्हिडिओ कॉलवर मला दाखवला. आत एक नऊ व्होल्टची बॅटरी, एक दिवा, दाराच्या बेलसारखा आवाज करणारी छोटी पट्टी, आणि वजन यावं म्हणून सिमेंटचा गोळा. कॉइल नाही. सळ्यांना आतून एकही तार जोडलेली नाही. सळ्या मोकळ्या फिरणाऱ्या, हात जरा तिरका झाला की वळणाऱ्या. माझा पुतण्या कष्टाळू आहे, बारावी शिकलेला आहे, मूर्ख नाही. दोन वर्षं अवकाळीने बाग गेली होती त्याची. बुडणाऱ्या माणसाला काडीचा आधार वाटला, एवढंच झालं. त्याने आता पोलिसांत तक्रार दिली आहे आणि तो डबा त्यांच्याकडे जमा केला आहे.

संपादक महोदय, माझी आपल्याला विनंती आहे. अशा बातम्या चार ओळींत संपवू नका. कुठलं यंत्र होतं, किती पैसे गेले, डबा उघडल्यावर आत काय निघालं, हेही छापा. शेजारी १८७८ च्या कायद्याची एक चौकट द्या. छोट्या जाहिरातींत 'भूगर्भ शोधक', 'गोल्ड लोकेटर' असं काही आलं तर ती घेऊ नका, दोनशे रुपये बुडाले तरी चालतील. जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञानाच्या तासाला तारेचं वेटोळं आणि बॅटरी घेऊन खरा डिटेक्टर कसा चालतो ते मुलांना करून दाखवता येतं, खर्च फार येत नाही. मी ऑक्टोबरमध्ये विट्याला परत येतोय. कुठल्याही शाळेने बोलावलं तर माझा पाच गुंजांचा कण, वही आणि छर्ऱ्यांची डबी घेऊन मी स्वखर्चाने येईन. मुलांच्या हातात तो कण देईन, मग छर्ऱ्यांची डबी त्यांच्यासमोर ओतेन आणि एकेक छर्रा मोजायला लावीन.

आणि ज्यांच्या घरी असा सळ्यांचा डबा आधीच आलेला आहे त्यांनी तो दिवसाउजेडी, चार माणसांत, मागचे स्क्रू काढून उघडून बघावा.

आपला नम्र,
एक निवृत्त गलाई व्यावसायिक
विटा, जि. सांगली (सध्या मुक्काम बेंडिगो, ऑस्ट्रेलिया)